पडद्यामागचा चौदा नंबर

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

चि. टिक्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, म्हणजे मी ठीक. ‘सर्व’ म्हणण्याइतकं आता या घरात कोणी उरलेलं नाही.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावर तुझं स्वतःचं अक्षर बघून दोन दिवस ते फोडलंच नाही. एरवी तुझी सेक्रेटरी पत्ता टाइप करते. तू हातानं लिहितोस तेव्हा तुझं काहीतरी काम असतं, हे मी तू सहावीत असल्यापासून बघत आले आहे.

आधी खबरबात. माझा डावा गुडघा कुरकुरतो, उजवा अजून ऐकतो. स्वयंपाकघरातला नळ गळतो आहे आणि प्लंबर तीन आठवडे ‘निघालोच’ म्हणतोय. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, पण या माणसाचं नाक हाती लागेल तर ना. वादनाच्या शिकवणीला चार मुली येतात. तिघींना त्यांच्या आया पाठवतात, चौथी स्वतःच्या हौसेनं येते, आणि हात नेमका त्या चौथीचाच वाईट आहे. तरी मी तिलाच सगळ्यात जास्त वेळ देते. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यानं तुझा फोटो पेपरातून कापून दुकानात लावलाय. ‘बाई, तुमचे बंधू’ म्हणून मला दाखवतो. मी ‘हो’ म्हणते आणि जिना चढते.

तर आता तुझं काम.

वाद्यवृंदाचा संचालक म्हणून तुझा निरोपाचा कार्यक्रम बारा जानेवारीला आहे, हे पेपरात वाचलंच होतं. गेल्या दोन कार्यक्रमांत काय झालं तेही कानावर आलं होतं. चेलोवाले काका अजून महिन्यातून एकदा चहाला येतात आणि तुझी बातमी बिस्किटासारखी बुडवून बुडवून देतात. तू संथ भागात नेहमीप्रमाणे हात खाली घेतलेस आणि वाद्यवृंद पसरला. व्हायोलिनं एकीकडे, चेलो दुसरीकडे. तुला घाईघाईनं हात वर घ्यावे लागले. दुसऱ्या वेळीही तसंच. पेपरवाल्यांनी लिहिलं, उस्ताद थकले.

आणि आता तू लिहितोस, ‘ताई, एकदा येऊन तुझ्या जुन्या जागेवर बस. एका संध्याकाळपुरतं. तू असलीस की ते धरून राहतील.’ खाली ताजा कलम टाकलायस, ‘पडद्याआड तू आहेस हे मला खरंच माहीत नव्हतं. आईला सांगून थकलो. निदान तू विश्वास ठेव.’

ताजा कलम जरा बाजूला ठेवू. आधी हात खाली घेण्याचं बोलू, कारण ती गोष्ट नीट माहीत असलेली जगात दोनच माणसं आहेत, आणि त्यांतलं एक तीस वर्षं ती वेगळीच सांगत आलं आहे.

तू तेव्हा बत्तीस वर्षांचा होतास. मोठे संचालक आजारी पडले आणि आयत्या वेळी तुला उभं केलं. समोर स्वरलिपीचं पुस्तक नको म्हणालास, सगळं पाठ आहे म्हणालास. मी तालमीनंतर म्हटलंही होतं, असू दे की पुस्तक, कोण बघतंय. तू म्हणालास, ‘ताई, सगळे बघतात.’ हात दाखवून अवलक्षण ते हे. संथ भागाच्या मध्यावर तुझी पाटी कोरी झाली. मी व्हायोलाच्या दुसऱ्या बाकावर होते, तुझ्यापासून चार हातांवर. तुझा चेहरा मला दिसला. लहानपणी बाजारात आईचा हात सुटला होता, तेव्हा असाच झाला होता. तुझे हात हवेत थांबले आणि हळूहळू खाली येऊन पँटीच्या शिवणीला चिकटले. साठ माणसं वाजवत होती आणि पुढच्या मात्रेवर काय करायचं ते कोणालाच कळत नव्हतं.

मी श्वास घेतला. माझा तो श्वास. प्रत्येक ओळीच्या आधी नाकानं मोठ्यांदा घ्यायचे ना, गज उचलता उचलता. बाबा पियानो सुरात लावायला जात तिथून ऐकून येत आणि सांगत, मोठे वादक असाच श्वास घेतात. आई म्हणायची, ही वाजवते तेव्हा वाटतं कोणीतरी चार जिने चढून आलंय. घरात चेष्टेचा विषय होता तो. त्या संध्याकाळी आधी माझ्या शेजारणीनं तो ऐकला, मग चेलोंनी, मग सगळ्यांनी. पुढची बेचाळीस आवर्तनं आम्ही एकमेकांच्या श्वासावर गेलो. मग बासरी आली, तुझ्या डोळ्यांत ओळख आली, आणि तू हात असे वर घेतलेस, जणू आत्तापर्यंत मुद्दामच खाली ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की एका तरुण संचालकानं हात खाली घेऊन वादकांना मोकळं केलं. त्याआधी, कार्यक्रम संपल्या संपल्या, कपडे बदलायच्या खोलीबाहेर तू माझं मनगट धरलं होतंस. ‘ताई, कोणाला सांगू नकोस.’ मी म्हटलं, ‘वेडा आहेस का, मी कशाला सांगू?’

नाही सांगितलं. आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे, तेही तुलाच.

तुझ्यात काही नव्हतं असं मी म्हणत नाही. तेवढी हलकट मी नाही. त्या चुकीतून तू खरंच एक पद्धत काढलीस. तालमीत वादकांना एकमेकांचं ऐकायला लावलंस, कोणाला ओरडला नाहीस, आम्हाला कडेच्या बाकांवरून उचलून मधोमध बसवलंस. व्हायोलावाल्यांवर साऱ्या जगात विनोद होतात, आपल्याकडे ते तुझ्यामुळे थांबले. बस डेपोत कार्यक्रम केलास तेव्हा आई म्हणाली, ‘कंडक्टर अखेर डेपोत पोचला,’ आणि आठवडाभर शेजारीपाजारी सांगत सुटली. तिला किती अभिमान होता तुझा, ते तुला कधी पूर्ण कळलं नाही. परदेशांतून पोरं तुझ्याकडे हात खाली घ्यायला शिकायला यायची. मी मनात म्हणायचे, बाबांनो, हात कोणीही खाली घेईल, खाली घेतल्यावर कोण बसलंय ते बघा.

मुलाखतीत तू म्हणायचास, ‘वादकांवर विश्वास ठेवणं, एवढंच माझं संचालन.’ आम्हाला मधोमध का बसवलंस असं विचारलं की ध्वनीच्या समतोलाबद्दल बोलायचास. मंचावरून तू गुरुजींचे आभार मानलेस, आईचे मानलेस, एकदा कोट शिवणाऱ्याचेही मानलेस. माझे नाही. मी एकदा विचारलं होतं, आठवतं? तू म्हणालास, ‘तुझं नाव घेतलं तर पुढचं सगळं सांगावं लागेल गं.’ पटलं मला. घरी आले आणि दोन दिवस वाद्याची पेटी उघडली नाही. बावीस वर्षं मी तुझ्यासमोर बसून श्वास घेतला, टिक्या. प्रत्येक कार्यक्रमाला वाटायचं, आज हा एक शब्द बोलेल. टाळ्या पडायच्या, तू वाकायचास आणि आम्हा सगळ्यांना एकत्र उभं राहायची खूण करायचास.

मग तू पडदा आणलास.

पडद्याची कल्पना चांगली होती, तेव्हाही म्हटलं होतं. वशिल्यानं कोणी आत येऊ नये, परीक्षकांना बाई-बुवा, म्हातारा-तरुण काही दिसू नये, कान सांगतील तोच खरा. आणि नवे-जुने सगळ्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची. पेपरांनी तुला डोक्यावर घेतलं. आमच्यातल्या निम्म्यांनी शिव्या दिल्या. मी नाही दिल्या. ‘भाऊ संचालक म्हणून बहिणीला जागा’ हे वाक्य मी बावीस वर्षं चहाच्या टपरीवर, बाथरूमबाहेर, गाडीत पाठीमागून ऐकत होते. मला वाटलं, बरं झालं, एकदाचं कळू दे.

तुझ्या नियमांचा कागद अजून माझ्या खणात आहे. कलम चार : वाद्याव्यतिरिक्त कोणताही आवाज होऊ नये. बोलणे, खोकणे, पावलांचा आवाज, श्वासाचा आवाज. पावलांसाठी सतरंजी अंथरली होती. मला चिठ्ठी मिळाली चौदा नंबरची. पडद्यापलीकडे पाच परीक्षक आणि मधोमध तू. मी वाजवलं. पलीकडून तुझा आवाज आला, ‘चौदा नंबर, आभारी आहोत.’

आभारी आहोत. बावीस वर्षांत ऐकलेले तुझे पहिले आभार, तेही चौदा नंबरचे.

संध्याकाळी यादी उघडली, तिच्यात माझं नाव नव्हतं, आणि तू धावत घरी आलास. दार आईनं उघडलं. तू दारातूनच म्हणालास, ‘मला माहीत नव्हतं ती ताई आहे.’ आई म्हणाली, ‘हिचा श्वास गल्लीच्या टोकाला ऐकू येतो. तुला चार हातांवर नाही आला?’ मी आत टेबलाशी बसले होते. तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हणालास, आता बदलता येणार नाही, नियम माझाच आहे, लोक काय म्हणतील. आईनं दार लावून घेतलं. मी उठले नाही.

गळणाऱ्या नळाखाली लावलेलं पातेलं भरलंय. उरलेलं उद्या.

शनिवार, सकाळ

काल पातेलं रिकामं करून परत बसता आलं असतं. नाही बसले. पुढे काय लिहायचं ते माहीत होतं म्हणून.

तुझा ताजा कलम.

तू खरं बोलतोयस. तुला माहीत नव्हतं. हे जगात कोणाला शपथेवर सांगता येईल तर ते मलाच, कारण तुला कळू नये याची व्यवस्था मीच केली होती.

त्या दिवशी मी श्वास दाबून वाजवलं.

कलम चारचं निमित्त सांगता येईल. चेलोवाल्या काकांना मी तेच सांगितलं होतं, नियम होता म्हणून. पण माझ्याआधीचे बारा-तेरा जण आत खोकले, शिंकले, एकीनं तर ‘अरे देवा’ म्हटलं, आणि तिची निवड झाली. त्या कलमाला कोणी विचारत नव्हतं. मी दाबला तो गर्वानं. मला तुझ्याकडून ओळखीवर जागा नको होती. नुसतं वाजवणं ऐकून तू म्हणावंस, हीच हवी, आणि मग यादी उघडून माझं नाव वाचावंस. बावीस वर्षांचे आभार मला एका फटक्यात वसूल करायचे होते.

पहिल्या ओळीतच कळलं की हात लाकडाचे झालेत. गज ओढतोय आणि सूर मागे राहतोय. तिथं थांबता आलं असतं. एक श्वास घ्यायचा होता, पडद्यापलीकडे तू खुर्चीत सरळ बसला असतास. तो मी घेतला नाही. आणि का नाही घेतला ते आजवर स्वतःशीही नीट म्हटलं नव्हतं, ते आता म्हणते. दुसऱ्या ओळीला माझ्या मनात आलं, काढू दे मला. ज्याच्यासाठी आयुष्य घातलं त्या भावानं मला काढलं, हे एकदा झालं की मग मला काही सांगायची गरज नाही. लोकच बोलतील. आईच बोलेल. सुंभ जळला तरी चालेल, पीळ राहू दे, असं झालं होतं माझं. शेवटच्या ओळीपर्यंत मी जाणूनबुजून वाईट वाजवलं, टिक्या. वाईट वाजवायलाही हात लागतो.

तुझ्यावरचा राग खरा होता. आजही आहे. फक्त त्याचं कारण मी लोकांना खोटं दिलं. जे खरं कारण होतं ते सांगायचं तर तुझी ती पहिली संध्याकाळ सांगावी लागली असती, आणि त्याबद्दल मी शब्द दिला होता. म्हणजे शब्द पाळला मी, बघ. किती गुणाची बहीण.

आता तुझ्या कामाचं. मी येणार नाही.

येऊन उपयोगही नाही. हात खाली घेतल्यावर ते का पसरतात याचं कोडं तुला पडलंय, पेपरवाल्यांना वाटतं तू म्हातारा झालास. झालायस, पण ते कारण नव्हे. नऊ वर्षं तू पडद्याआडून माणसं निवडतोयस. सुरुवातीला कलम चारला कोणी विचारत नव्हतं, पण नंतर पोरं शहाणी झाली. आता शिकवणीतच शिकवतात, परीक्षेला श्वास ऐकू येऊ द्यायचा नाही, मार्क जातात. माझ्याकडच्या तिघींच्या आयासुद्धा मला तेच सांगतात. तुझ्यासमोर आज साठ माणसं बसतात, ती सुरात आहेत, तालात आहेत आणि शेजाऱ्याला कळणार नाही अशा बेतानं जगतात. त्यांना तुझे हात दिसतात तोवर ठीक. ते खाली गेले की त्यांनी कोणाचं ऐकायचं? तू एका हातानं जे बांधलंस ते दुसऱ्या हातानं उसवलंस, आणि दोन्ही वेळा टाळ्या घेतल्यास. त्यात मी एकटी बसून काय धरणार? माझ्या शेजारची मला आजारी समजेल.

तेव्हा बारा तारखेला हात वर ठेव. साधं, चारचौघांसारखं संचालन कर. तुला ते उत्तम येतं. तसं तू कधी करून दाखवलंच नाहीस, एवढंच. लोक निराश होतील. होऊ देत.

न येण्याचं दुसरं कारण हे की मी तिथं बसले तर तुला वाटेल ताईनं माफ केलं. सगळ्यांना वाटेल. चेलोवाले काका रडतील. आणि माफ करणारी म्हणून मी पुन्हा एकदा तुझ्याहून मोठी होऊन घरी येईन. नऊ वर्षं तेच करत आले आहे, आता पुरे.

एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं. अर्धी सही करून परत खोडली आहे, ती तुला वर दिसेल.

आईचं राहिलं.

तू दर रविवारी फोन करायचास. ती रिसीव्हर माझ्या हातात द्यायची आणि मी सांगायचे, ती पडली आहे जरा. सहा वर्षं. तुला वाटायचं ती रागावलेली आहे, आणि होतीच. पण राग धरायला तिचं वय राहिलं नव्हतं. शेवटच्या वर्षात तुझा फोन वाजायच्या वेळेला ती खुर्ची फोनजवळ ओढून बसायची. बोलायची नाही, पण बसायची.

जायच्या आधी तीन दिवस, दुपारी, मी तिला पाणी पाजत होते. ती म्हणाली, ‘त्याला खरंच कळलं होतं का गं, ती तू आहेस म्हणून? मला मेलीला आता वाटतं, नसेलही कळलं.’

मला कळत होतं ती काय मागतेय. तिला तुला बोलवायचं होतं आणि त्यासाठी माझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं. नव्हतं कळलं, एवढंच. तीन दिवस होते. तू गाडीनं सहा तासांवर होतास.

मी म्हटलं, ‘तुझाच मुलगा तो. त्याला कळल्याशिवाय राहील?’

ती बरं म्हणाली आणि पाणी पुरे म्हणून हात वर केला. नंतर तुझा विषय तिनं काढला नाही.

तू आलास तेव्हा तिला खाली आणलं होतं. तू मला जवळ घेऊन म्हणालास, ‘शेवटपर्यंत तिचं मन वळलं नाही ना, ताई?’ मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांनी बघितलं. वळलं होतं, टिक्या. वळून दारापर्यंत आलं होतं. मी परत पाठवलं.

तू खरं बोलत होतास हे पहिल्या दिवसापासून माहीत असलेली,

ताई